जे येते ते नावे, जे जाते ते जमा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेले भाषण. वेळेअभावी बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस मी, काऊंटर बंद झाल्यावरही रांगेतले दोन-तीन ग्राहक घ्यायची जुनी सवय आहे. तेव्हा थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असा मला हुकूम आहे. आठवणी सगळ्यांनाच आहेत. पहिला गणपती, २००५ सालचा २६ जुलै, पार्किंगवरून झालेली भांडणं, आणि त्याच भांडणाऱ्यांनी कोविडमध्ये एकमेकांच्या दारात ठेवलेले जेवणाचे डबे. याबद्दल इतर वक्ते बोलतीलच. मी माझ्या धंद्यातल्या माणसाला शोभेल अशा विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे हिशेब.

आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा जिन्यात पिवळे दिवे होते, लिफ्टला जाळीची दारं होती, प्रत्येक घरात काळ्या वायरचा टेलिफोन होता आणि गेटवरच्या केबिनमधून छप्पन्न घरांत इंटरकॉम होता. वरची टाकी भरली की पाणी गच्चीवरून पडायचं, त्या आवाजावर पंप बंद व्हायचा. आज यातलं एकही राहिलेलं नाही. सगळं बदललं आणि बहुतेक चांगलंच झालं. मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला नाही. पाट्यावर वाटण करायला आमच्या घरात कोणी सांगितलं तर हिच्याआधी मीच विरोध करीन, कारण निवृत्तीनंतर ते काम माझ्याकडे येईल.

पण हिशेब ठेवणाऱ्याला एक नियम पाठ असतो. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला तो घोकून घेतात. जे येते ते नावे, जे जाते ते जमा. बऱ्याच लोकांना वाटतं की आलं ते जमा. तसं नाही. संस्थेने कपाट घेतलं तर कपाट खाते नावे आणि रोख खाते जमा. आलेल्या प्रत्येक वस्तूसमोर गेलेल्या कशाची तरी नोंद पडल्याशिवाय ताळा जुळत नाही. घरात नवीन वस्तू आणताना आपण गेलेल्या पैशांची नोंद करतो, आणि हिशेब पुरा झाला असं समजतो. पैशांखेरीज आणखी काय गेलं, ते कुणी लिहीत नाही. मग पाच वर्षांनी अचानक काहीतरी कमी पडतं आणि आपण म्हणतो, अरेच्चा, हे असं कसं झालं?

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करतो. विजेचा दिवा.

आपल्या दोन्ही विंगच्या जिन्यात आणि पॅसेजमध्ये मिळून साठ वॅटचे चाळीस दिवे होते. रोज बारा तास जळले तर दिवसाला जवळजवळ २९ युनिट, महिन्याला ८६४. मी खजिनदार असताना ते काढून नऊ वॅटचे एलईडी लावले. उजेड तेवढाच, आणि महिन्याला युनिट लागू लागली १३०. मी सर्वसाधारण सभेत हे आकडे वाचून दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. माझ्या खजिनदारकीत पडलेल्या त्या एकमेव टाळ्या.

आता जमेची बाजू बघा. जुना तारेचा दिवा विजेचा जेमतेम पाच टक्के भाग उजेडासाठी वापरायचा, बाकी सगळी उष्णता. म्हणजे दिवा म्हणून तो अगदीच उधळ्या. पण बी विंगमधले आपले हार्मोनियम शिकवणारे गुरुजी पावसाळ्यात पेटीच्या कपाटात कमी वॅटचा दिवा लावून ठेवायचे. कोकणात आमच्या घरीही पुस्तकांच्या कपाटात असाच दिवा असायचा. बुरशी धरत नसे, भाता सर्दावत नसे. दुकानात तसे दिवे मिळेनासे झाले म्हणून गुरुजींनी एलईडी लावला. पेटीला उजेड भरपूर मिळाला, ऊब मिळाली नाही. गणपतीत पेटी काढली तर चार पट्ट्या चिकटलेल्या. ज्या उष्णतेला आपण उधळपट्टी म्हणत होतो, ती एका घरात पगार न घेता कामाला होती.

दुसरी नोंद याहून मजेची. दिवे स्वस्तात जळतात म्हटल्यावर आपण गेटवर दोन झोताचे दिवे लावले, बागेत बारा लावले, नावाच्या पाटीभोवती माळ सोडली, गच्चीवर चार लावले. गेल्या वर्षी मी सहज बिलं काढून पाहिली. वाचवलेल्या वीजेतली निम्मी वीज आपण नव्या दिव्यांत घालवली आहे. ही काही आपल्याच सोसायटीची खोड नव्हे. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली लिहून ठेवलं आहे की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तरी देशाचा एकूण कोळसा कमी लागत नाही, उलट जास्त लागतो, कारण इंजिनं परवडू लागतात आणि ठिकठिकाणी बसतात. तेव्हा चुकलं असेल तर इंग्रजांपासून चुकलं आहे.

आता लिफ्ट. जुन्या लिफ्टचा सगळ्यांना वैताग होता. कोणीतरी सहाव्या मजल्यावर दार उघडं टाकून जायचं आणि खालून सगळे ओरडायचे, "लिफ्टचं दार लावा!" लहान मुलांची बोटं जाळीत सापडायची भीती. २०१७ साली आपण आपोआप दार लागणारी लिफ्ट घेतली आणि तो वैताग संपला. व्हीलचेअर आत जाते, मुलं एकटी जाऊ शकतात. हा फार मोठा फायदा आहे आणि मी तो परत द्यायला तयार नाही.

पण जाळीतून प्रत्येक मजला दिसायचा. मी बँकेतून यायचो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी तुळशीला पाणी घालत असायचं, तिसऱ्यावर चपलांची गर्दी दिसली की कळायचं, पाहुणे आलेत. कोणाच्या दाराला चार दिवस कुलूप आहे, तेही दिसायचं. लिफ्ट अडकली तर आतला माणूस हाक मारायचा आणि ती सगळ्या जिन्याला ऐकू जायची. आताची लिफ्ट म्हणजे चकचकीत पेटी. बाहेरचं दिसत नाही, आतलं ऐकू येत नाही, मोबाईलची रेंज जाते. वीज गेली की बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत येऊन दार उघडण्याची सोय तिच्यात आहे. ती चालते, पण बॅटरी जिवंत असेल तर. जुन्या लिफ्टमध्ये हाक मारायला बॅटरी लागत नव्हती. म्हणून माझी विनंती आहे की देखभालीचा माणूस येतो तेव्हा त्याच्या कागदावर नुसती सही करू नका. मेन स्विच बंद करून एकदा लिफ्ट चालवून दाखवायला सांगा.

आता माझ्या स्वतःच्या बँकेकडे येतो. मी १९७३ साली कारकून म्हणून लागलो तेव्हा खतावणीची पुस्तकं एकेका पोराच्या वजनाची होती. शिल्लक हाताने काढायची, सही कार्डावरच्या सहीशी डोळ्यांनी ताडून बघायची, आणि संध्याकाळी एक रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, मग हळूहळू यंत्रं आली, संगणक आले. आम्ही आधी विरोधाच्या घोषणा दिल्या आणि नंतर त्याच संगणकाशिवाय आमचं पान हलेना. २०११ साली मी निवृत्त झालो तेव्हा ठाण्याचा ग्राहक दिल्लीच्या शाखेतून पैसे काढत होता. १९७३ मध्ये मला हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग या व्यवहारात गेलं काय? गेला तो उशीर. चेक वटायला दोन-तीन दिवस लागायचे, बाहेरगावचा असेल तर आठवडे. ग्राहक आमच्यावर ओरडायचे आणि त्यांचं बरोबरच होतं. पण त्या उशिरात आणखी एक गोष्ट होत होती. चेक देऊन घरी गेलेला माणूस रात्री विचार करायचा, बायकोशी बोलायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडायच्या आधी दारात उभा राहून म्हणायचा, "साहेब, तो चेक थांबवा." स्टॉप पेमेंटचे असे किती अर्ज मी घेतले असतील त्याला गणती नाही. त्यातले काही मूर्खपणाचे होते, पण काहींनी संसार वाचवले.

२०१६ साली यूपीआय आलं. उशीर शून्य झाला. कोथिंबिरीची जुडी घेताना हे वरदान आहे. पण माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला एका रात्री फोन आला की बिल भरलं नाही म्हणून तुमची वीज आत्ता तोडणार. तो घाबरला, समोरचा सांगेल तसं करत गेला आणि चार मिनिटांत ऐंशी हजार गेले. भाऊ काही अडाणी नाही, शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याने मला फोन केला तेव्हा मी सवयीने म्हणालो, "उद्या सकाळी शाखेत जा आणि थांबवायला सांग." तो म्हणाला, "दादा, थांबवायला काही उरलंच नाही." पैसे सेकंदात जातात तेव्हा अक्कलही सेकंदात यावी लागते, आणि आमच्या वयात ती जरा सावकाश येते. आता एवढंच हातात आहे की असं काही झालं तर सकाळची वाट न बघता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. हा नंबर आज इथे बसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाने घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

असंच नोव्हेंबर महिन्याचं. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायला शाखेत यावं लागायचं. कोणी काठी टेकत, कोणी रिक्षा करून यायचं. हाल होते, वाद नाही. २०१४ पासून जीवन प्रमाण आलं, आता घरबसल्या काम होतं. मी स्वतः तसाच दाखला देतो. पण त्या एका महिन्यात काऊंटरपलीकडून आम्हाला दिसायचं की यंदा कोणाचा हात जास्त थरथरतोय, कोणाला मुलगा सोबत घेऊन आलाय आणि कोणाच्या मुलाने बाहेरच गाडीत बसून सह्या घ्यायला पाठवलंय. हयात आहे, हे यंत्र आता अगदी अचूक सांगतं. कसा हयात आहे, हे विचारायची सोय त्यात नाही.

इथपर्यंत मी तुम्हाला गमतीजमती सांगितल्या. आता जे सांगणार आहे त्यात माझी स्वतःची चूक आहे. ज्यांच्याविषयी ते आहे त्या काकू पुढच्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांची परवानगी घेतली आहे. "माझं नाव घेऊ नका आणि रडवू नका," अशा दोन अटी त्यांनी घातल्या आहेत.

२०१९ साली गेटवर पाहुण्यांची नोंद करणारं मोबाईलवरचं ॲप घ्यावं असा प्रस्ताव आला. इंटरकॉमच्या वायरी एकोणीस वर्षांच्या झाल्या होत्या. देखभालीला वर्षाला बेचाळीस हजार जात होते, आणि सगळं नव्याने टाकायचं तर पावणेदोन लाखांचं दरपत्रक होतं. ॲपचा खर्च देखभालीच्या निम्म्याहून कमी. खजिनदार मी. इंटरकॉम काढून टाकायचा ठराव मी मांडला. सभेत एकट्या काकूंनी विरोध केला. त्या म्हणाल्या, "मला मोबाईलवरचं बारीक दिसत नाही. इंटरकॉमवर नऊ दाबलं की वॉचमन येतो, तेवढं राहू द्या." मी हसून म्हणालो, "काकू, शिकाल हो आठ दिवसांत." सभा हसली. ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात 'एकमताने' असं लिहिलं आहे, कारण सभा हसल्यावर काकूंनीही हात वर केला.

त्याच सुमाराला त्यांच्या बंगळुरूच्या मुलाने आईचा जुना टेलिफोन फायबरवर घेतला. नंबर तोच, फोनचा डबाही तोच, आवाज स्वच्छ, भाडं कमी आणि वर इंटरनेट. नातवंडांचे चेहरे दिसू लागले. यात चूक कसलीच नाही. पण एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. जुन्या टेलिफोनला जी तांब्याची तार यायची, तिच्यातून आवाजाबरोबर वीजही यायची, सुमारे ४८ व्होल्टची, थेट एक्स्चेंजमधून, आणि एक्स्चेंजमध्ये मोठाल्या बॅटऱ्या असायच्या. म्हणून घरातली वीज गेली तरी फोन चालू राहायचा. २६ जुलैच्या रात्री आपली बिल्डिंग अंधारात होती आणि माझा काळा फोन खणखणत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फायबरमधून येतो प्रकाश. त्यातून वीज येत नाही. घरातल्या डब्याला घरातलीच वीज लागते. ती गेली की फोन गेला.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. कोविडचे दिवस. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली. तुमच्यापैकी बहुतेकांना तो दिवस आठवत असेल. लिफ्ट बंद, मोबाईलची रेंज येत-जात होती. आमच्या घराच्या बरोबर वर, पाचव्या मजल्यावर, काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घसरून पडल्या. वय एक्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलेलं. घरात दुसरं कोणी नाही, कामाची बाई सकाळीच येऊन गेलेली. सरपटत त्या पॅसेजमधल्या फोनपर्यंत आल्या, वायर ओढून रिसीव्हर कानाला लावला, तर आत चिडीचूप. मोबाईल बाहेरच्या खोलीत टेबलावर, हात पोचत नाही. भिंतीवर इंटरकॉमची फक्त चौकोनी खूण राहिलेली. मग त्यांनी हाताला लागलेला पितळी तांब्या जमिनीवर आपटायला सुरुवात केली.

तो आवाज मी ऐकला. मी खाली बाल्कनीत ट्रान्झिस्टर लावून वीज कधी येणार याच्या बातम्या ऐकत होतो. मला वाटलं, मिक्सर बंद आहे म्हणून काकू खलबत्त्यात काहीतरी कुटताहेत. मला कौतुकसुद्धा वाटलं, बघा जुनी माणसं. मी ट्रान्झिस्टरचा आवाज थोडा वाढवला.

पाऊण वाजता आमची ही म्हणाली, "अहो, एकट्या बाईला इतका वेळ कुटायचंय काय?" आणि ती जिना चढून गेली. काकूंच्या घराची एक किल्ली पहिल्यापासून आमच्या खिळ्यावर असते. त्या किल्लीने दार उघडलं. सव्वादोन तास त्या जमिनीवर होत्या. रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून पाच मजले उतरवलं. ऑपरेशन झालं. आज त्या वॉकर घेऊन का होईना, स्वतःच्या पायांनी इथे आल्या आहेत.

मी महिनाभराने त्यांना भेटायला गेलो. काय बोलावं हे ठरवून गेलो होतो, पण शब्द फुटेना. काकूच म्हणाल्या, "ठराव तुम्ही मांडलात खरा, पण हात मीही वर केला होता. आता माफी-बिफी राहू द्या, नऊ नंबरचं तेवढं बघा."

ते आपण बघितलं. २०२१ साली ज्या अकरा घरांत एकटे किंवा दोघेच ज्येष्ठ राहतात, तिथे बिछान्याजवळ आणि बाथरूमच्या दाराशी एकेक बटण बसवलं. साधी वायर, खाली वॉचमनच्या केबिनमध्ये घंटा आणि घराच्या नंबरचा दिवा, मागे एक छोटी बॅटरी. ना इंटरनेट, ना ॲप. एकसष्ट हजार खर्च आला. चार वर्षांत घंटा चार वेळा वाजली. तीन वेळा नातवंडांनी वाजवली. एकदा खरी वाजली, पहाटे साडेतीनला, आणि रात्रीचा वॉचमन दीड मिनिटात तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. त्या घरातले काका आज इथे बसून माझ्याकडे बघून मान हलवताहेत.

हे सगळं आजच सांगण्याचं कारण आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक प्रस्ताव येतो आहे. गेटला आपोआप उघडणारा दांडा बसवायचा, सोळा कॅमेरे लावायचे आणि रात्रीचे वॉचमन बंद करायचे. वर्षाला साडेतीन लाखांची बचत दाखवली आहे. आकडे मी तपासले आहेत, बेरीज बरोबर आहे. मांडणारी तरुण मंडळी हुशार आहेत, त्यांनी सोसायटीचं भलंच पाहिलं आहे, जसं २०१९ साली मीही पाहिलं होतं. रात्रीच्या वॉचमनची तक्रारही खरी आहे. तो झोपतो. मीही दोनदा त्याला झोपलेला पकडला आहे.

पण घंटा वाजते ती त्याच्या केबिनमध्ये. कॅमेऱ्याला पडलेला माणूस दिसेल एखादवेळेस, पण कॅमेरा जिना चढून वर येणार नाही. वॉचमनच्या पगारापुढे आपण 'गेटची राखण' एवढंच लिहितो. घंटा ऐकणं, रात्री औषध आणून देणं, रुग्णवाहिकेला गेट दाखवणं, ही कामं त्याच्या करारात नाहीत, म्हणून बचतीच्या तक्त्यातही नाहीत.

मी प्रस्तावाला विरोध करायला उभा नाही. माझी सूचना एवढीच आहे. बँकेत संगणक आला तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही खतावण्या रद्दीत घातल्या नाहीत. काही महिने दोन्हीकडे नोंदी केल्या. दिवसभर हाताने लिहायचं आणि तेच यंत्रात भरायचं, संध्याकाळी दोन्ही शिल्लकी जुळवायच्या. आम्ही खूप कुरकुर केली, दुप्पट काम होतं. पण त्या काळातच कळलं की खतावणीच्या समासात कारकून पेन्सिलीने काय काय लिहून ठेवत होते. 'सही डाव्या हाताची.' 'वारसांत वाद आहे, साहेबांना विचारा.' यंत्रात त्याला रकानाच नव्हता. मग तो करून घेतला.

तसंच आपण करू. कॅमेरे लावा, दांडा बसवा. पण सहा महिने एक वॉचमन रात्री राहू द्या आणि केबिनमध्ये एक वही ठेवा. गेट उघडण्याखेरीज त्याने रात्री जे जे केलं ते त्या वहीत लिहायचं. सहा महिन्यांनी वही सभेपुढे ठेवा. वही कोरी निघाली तर वॉचमन बंद करायचा ठराव मीच मांडीन. कोरी निघाली नाही, तर त्यातलं प्रत्येक काम यापुढे कोण करणार त्याचं नाव समोर लिहा, आणि मग बचतीचा आकडा पुन्हा काढा.

आणि यापुढे संस्थेत किंवा स्वतःच्या घरात काहीही बदलताना तीन प्रश्न विचारत जाऊ या. जुनी वस्तू तिच्या कामाखेरीज आणखी काय करत होती? वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले तर नवी वस्तू काय करील? आणि ती वापरता येणार नाही असं आपल्यात कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस सभेत बहुधा एकटाच उभा राहतो. तेव्हा हसू नये, एवढं मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

माझी पंधरा मिनिटं केव्हाच संपली आहेत, सचिवांनी दोनदा घड्याळ दाखवलं. एक खुलासा करतो आणि थांबतो. काकूंच्या घराची किल्ली अजून आमच्या खिळ्यावर आहे आणि आमची त्यांच्याकडे आहे. मुलगा म्हणतो, बाबा, आता अंगठ्याने उघडणारं कुलूप घेऊ. जरूर घेऊ. पण अंगठा माझा असतो आणि पडणाराही मीच असतो, म्हणून खिळा तिथेच राहील.

संस्थेच्या पुढच्या पंचवीस वर्षांना माझ्या मनापासून शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी असेन असं नाही, पण हिशेब तपासायला कोणीतरी ठेवा.

वडे गार होताहेत.